आधी बल्ब, मंग बॅटरी

माहं माहेर सानगडीच्या पल्याडचं, लहानसं खेडं आहे, नाव सांगून काय करता, तुम्ही काही तठी जाऊन नाही राहल्या. धानाचा मुलूख, गावाले भला मोठा तलाव, अन माहा बाप त्या तलावाचं पानी वाटे. तलावाच्या पारीखाली, मातीच्या बांधाखाली, पानी सोडाची जागा राह्यते, तिले आमच्या इकडं तुडूम म्हनतेत, लाकडाची खुटी काहाडली का पानी धावत खाली नहरात येते. तं माहा बाप ते खुटी कधीच एका झटक्यात नाही काहाडे. आधी जराशी हलवे, बोटभर धार सोडे, अन पारीवर बसून बिडी पेटवे. नहर ओला होऊ दे म्हने, कोरड्या मातीले पानी पिऊ दे, मंग अजून थोडी खुटी वर, मंग अजून थोडी, अन मंग पुरी. लोक खालून बोंबलत राहत, अगा सोड ना बुढ्या, धानाचा रोवना खोळंबला, अन हा आपला बिडी पिऊन राहला. बाबा म्हने, एकदम सोडलं तं वावराचे धुरे फुटतीन, मंग तुमच्याच धानाच्या बांधीत रेती भरन, मंग याल माह्याच नावानं रडत. मी लहान होती, बाबाची शिदोरी घेऊन जावो, अन त्याच्या बाजूले बसून ते पहिली बोटभर धार पाहात राहो.

आता तुम्ही म्हनान, बॅटरीचं विचाराले आली अन ही म्हतारी तुडूम सांगून राहली. सांगतो ना ताई, दम घ्या. मलेही तेव्हा कुठं माहीत होतं का बाबाचं तुडूम मले वरठीच्या दुकानात कामी येईन म्हनून.

लगन झालं तेव्हा आमचे हे तुमसरले एका सेठच्या बॅटरीच्या दुकानात होते. राइस मिलचे ट्रक, गावोगावचे ट्रॅक्टर, मिलच्या जनरेटरच्या मोठ्या मोठ्या तेजाबाच्या, म्हंजे ॲसिडच्या, बॅट्र्या, सगरं यांच्याच हाताखालून जाये. अन यांचं नाव कायनं झालं, तं चटक्यानं. चटका म्हंजे काय, एक जाड वायर घ्याची, एक टोक एका टर्मिनलले पक्कं धराचं, दुसरं टोक दुसऱ्या टर्मिनलले नुसतं शिवाचं अन उडवाचं. चट्ट! चिनगी पडे. चिनगी मोठी, निळीशार, आवाज कडक, तं बॅटरी मस्त आहे, घेऊन जा. लाल मरतुकडी चिनगी पडली तं सांगत, हे गेली बापा, हिचा जीव गेला. बॅटरी बोलली म्हनत हे. पाहा, कशी बोलली. ड्रायव्हर लोक मीटरवर भरोसा नाही ठेवत, यांच्या चटक्यावर ठेवत. मी कधी डबा घेऊन गेली तं यांच्याभवती मानसं उभी राहत, हे चटका मारत अन सगरे वा म्हनत. मले भल्ला गर्व होता वो. नवीन लगन झालेल्या बाईले आपला नवरा असा मधात उभा दिसला तं काय वाटन, तुम्हीच सांगा.

मंग आम्ही वरठीले आलो, स्टेशनच्या रस्त्यावर टिनाचं शेड टाकलं, आपलं सोताचं दुकान. चांगलं चालून राहलं होतं. अन एक दिवस एका ट्रकची बॅटरी चार्जिंगवरून काहाडली, गरमच होती, तेजाबाच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेरेस गॅस भरते, हे यांले माहीत नोहोतं असं नाही, यांच्याइतकं कोनाले माहीत होतं? पन ड्रायव्हरले घाई, तो म्हने काका चटका मारा अन मोकरं करा, अन हे वाकले. फाट्कन फुटली. मी आत चहा मांडून राहली होती. बाहेर येऊन पाहातो तं हे तोंड धरून जमिनीवर, अन सगऱ्या अंगावर तेजाब. मी पान्याचा माठच उचलला अन यांच्या तोंडावर रिकामा केला, मंग बालटी, मंग शेजारच्या हॉटेलवाल्याचा ड्रम. भंडारा केला, नागपूर केलं. डावा डोरा नाही वाचला. उजवा वाचला. डॉक्टर म्हनला बाई तुम्ही पानी टाकलं म्हनून हा तरी राहला. तेव्हापासून ताई, मी तो उजवा डोरा माहा म्हनूनच सांभारला. लेकरं मोठी झाली, आपापल्या संसाराले लागली, पन माहं सगरं ध्यान त्या एका डोऱ्यात.

अन तेव्हापासूनच मी दुकानात बसाले लागली. आधी नुसती बसो, गिऱ्हाईकाले पानी दे, पैसे घे. मंग बॅटरीत डिस्टिलचं पानी भराले लागली, मंग टर्मिनल घासाले, मंग कैय्या, ते डाग द्याची सळई, गरम करून वायरीले कथलाचा डाग द्याले. हात जमला माहा. हे शिकवत, चिडचिड करत, अन शिकवत. पन चटका मात्र यांचाच. एक डोरा गेला तरी चटका नाही सुटला. मी म्हनो, अवो, आता तरी सोडा ना, त्यानंच घात केला तुमचा. तं हे म्हनत, चटक्यानं नाही केला, गॅसनं केला, अन चटका नाही मारला तं लोक माह्याकडं कायले येतीन? मी हात टेकले.

मंग या इलेक्ट्रिकच्या गाड्या आल्या. आमच्या इकडं कारखान्यात जानारे लोक, आधी सायकलीवर येत, मंग मोटरसायकली आल्या, आता पेट्रोल परवडत नाही तं बॅटरीवाली गाडी. पन त्याच्यात कसं आहे, गाडी दिवसभर फाटकाच्या बाहेर उन्हात उभी, तठी कोन चार्जिंग देते? घरी गाडी ठेवाले ओसरी नाही, गाडी गल्लीत. मंग बॅटरी काहाडाची, हातात धरून घरात न्याची, देवाजवर नाही तं टीव्हीजवर लावून ठेवाची, अन सकारी पुन्हा गाडीत बसवून प्लग जोडाचा. दररोज काहाडा, दररोज जोडा. अन प्लग जोडला का चट्ट! चिनगी.

आता पाहा ताई, चूक कठी झाली ते. आमच्या लोकाइले यांनीच तं शिकवलं होतं ना का चिनगी म्हंजे ताकत. आयुष्यभर तेच पाह्यलं त्याइनं. मंग गाडीचा प्लग लावताना चट्ट झालं तं लोक खूष! शेजाऱ्याले बलावून दाखवत, पाह्य बे, कशी बोलते. हळूहळू लावला तं चिनगी तडतड करत राह्यते, ते त्याइले अजूनच आवडे. अन हे दुकानात बसून म्हनत, हव, जबरदस्त आहे, बॅटरी एकदम टाइट आहे.

अन मंग तेच लोक प्लग घेऊन माह्याकडं येत. वैनी, प्लग ढिला झाला, वैनी, गाडी चढावर बंद पडते, वैनी, प्लग गरम येऊन राहला. मी खोलून पाहो तं आतली पितरेची पिन कारी ठिक्कर, टोकावर लहान लहान खड्डे, देवी आल्यावानी. मी कापून नवा प्लग डागून देवो, अन तो थोड्या दिवसानं पुन्हा तसाच. माहा माथा फिरला. नवीन प्लग, चांगला प्लग, अन हा जरते काहून?

आमच्या गल्लीत मडावीजी राहतेत, कारखान्यात वायरमन होते, आता घरीच राहतेत, सांजच्याले चहाले येतेत दुकानात. मी त्याइले ते कारी पिन दाखवली. ते म्हनले, वैनी, ही चिनगीनं खाल्ली. मी म्हनली, अन चिनगी कायनं पडते, गाडीची चाबी तं बंद राह्यते? तं ते म्हनले, गाडीच्या कंट्रोलरमंधी, मोटरले वीज देते त्या डब्यात, वीज साठवाच्या लहान लहान टाक्या राह्यतेत, त्या खाली राह्यतेत, रिकाम्या. तुम्ही प्लग लावला का बॅटरीतली वीज सगरी एकदम त्या खाली टाक्याइत घुसते, एका टायमाले, अन ज्या टोकातून घुसते ते टोक जारते. ती ताकत नोहोय वैनी, ती घाई आहे. टाक्या भरल्या का झालं, मंग काहीच नाही.

मी हातातला चहा खाली ठेवला. म्हनली, मडावीजी, हे तं तुडूम आहे. कोरड्या नहरात एकदम पानी सोडून राहलो आपन. ते हासले, म्हनले बराबर. मंग आधी बोटभर धार सोडाची कशी, ते सांगा. ते म्हनले, मधात काहीतरी अडथळा टाका, जरा वेर वीज त्याच्यातून जाऊ द्या, टाक्या भरू द्या, मंग खरा प्लग लावा. नागपूरले तसा तयारच प्लग भेटते, त्याच्या आतच अडथळा बसवून राह्यते. पन घरातला झिरोचा बल्बही चालते.

झिरोचा बल्ब कठी होता, तं आमच्या देवाजवर. तोच काहाडला मी. होल्डरले दोन वायरी, एका वायरीले बॅटरीत बसनारा प्लग, दुसरीले गाडीत बसनारा, मधात बल्ब. गाडीची चाबी बंद ठेवाची. आधी हा बल्बवाला प्लग लावाचा. बल्ब लाल झपकते, इतकासाक, अन विझते. विझला का समजाचं टाक्या भरल्या. मंग तो काहाडून लगेच असली प्लग लावाचा, मधात गप्पा मारत नाही बसाचं, नाही तं टाक्या पुन्हा खाली होतेत. अन लावला तं काय, काहीच नाही! ना चट्ट, ना चिनगी. एकदम चूप. अन बल्ब जर विझलाच नाही, पेटलाच राह्यला, तं समजाचं आत काही जुडून बसलं आहे, शॉर्ट आहे, तेव्हा असली प्लग बिलकुल लावाचा नाही, गाडी दुकानात आनाची. माय वो, मले इतका आनंद झाला का मी तसाच लावत अन काहाडत बसली, लहान पोट्टीवानी.

यांले दाखवलं. यांनी पाह्यलं, म्हंजे मले वाटलं पाह्यलं, अन तोंड वाकडं केलं. म्हनले, देवाचा दिवा काहाडून आनला तू, अन त्यात काय आहे? काही झालंच नाही. मी म्हनली, तेच तं! काही होत नाही तेच तं पाहिजे! तं म्हनले, बॅटरी बोलली नाही तं गिऱ्हाईकाले सांगू काय, मुकी आहे म्हनू?

अन गिऱ्हाईकंही तशीच. मी असे बल्बवाले प्लग बनवून एकाएकाले द्याले लागली, समजावून सांगो, तोंडाले फेस येये माह्या. हासत मले. वैनी, बॅटरीले ओवाराची का? वैनी, आता बत्ती लावून घरातून निंघाचं का? अन दोन दिवसानं परत येत, वैनी, तुम्ही हात लावला तेव्हापासून चटका नाही येत, बॅटरी कमजोर केली तुम्ही. काय बोलाचं अशा मानसाइले? अन मी आत गेली का हे त्याच मानसाले हरूच म्हनत, आन इकडं, थेट लाव. चट्ट! पाह्य, आहे ना ताकत? जा. आतून ऐकू येये ना मले तो आवाज. मी कैय्या हातात धरून उभी राहो, अन मले वाटे का आपन दिवसभर शिवून राहलो अन हे मानूस मागून उसवून राहलं. थकली होती वो मी. भांडाचंही अंगात नाही राहलं होतं.

अन दुसरं मले कायचं भेव होतं, तं हे वाकत. प्लग जोडताना पार तोंडाजवर नेत. आधी असे नोहोते करत. मी ओरडो, अवो, दूर धरा, दूर धरा, एकच डोरा आहे. तं म्हनत, या बॅटरीत तेजाब नाही, काही फुटत नाही. पन वितरलेल्या पिनेचा कन उडाला तं? मी झोपेतही ते चट्ट ऐको.

मंग परसरामचं झालं. परसराम भाऊ म्हंजे कारखान्यातलाच, चांगला मानूस, बायकोले गाडीवर बसवून भंडाऱ्याले बाजाराले जाऊन राहला होता. चढावर गाडी झटका देऊन बंद. मागं उतार, गाडी मागं घरंगरली, दोघंही पडले. मागून ट्रक येऊन राहला होता, त्यानं दाबला ब्रेक म्हनून, नाही तं मी काय सांगत बसली असती तुम्हाले. बायकोचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकारी परसराम आला अन प्लग काउंटरवर आपटला. कारा कोरसा, अर्धा वितरलेला, एक पिन तं राहलीच नोहोती. म्हनला, मास्तर, परवाच तुम्हाले दाखवला होता मी, वैनी बल्ब लाव म्हने तं तुम्ही म्हनले काही गरज नाही, जबरदस्त आहे. हेच का जबरदस्त? माह्या बायकोले काही झालं असतं तं?

यांनी प्लग उचलला. अन ताई, यांनी तो डोऱ्याजवर नेला, इतका जवर का पापनीले लागला, अन फिरवून फिरवून पाहाले लागले, अन मंग बोटानं चाचपाले लागले. बोटानं. परसरामले मी हात जोडले, म्हनली भाऊ, तुम्ही जा, मी येतो तुमच्या बायकोले पाहाले, प्लगाचं मी पाहातो. तो गेला.

मी शटर अर्धं खाली ओढलं. म्हनली, अवो, परवा हा प्लग तुमच्या हातात होता, कारा पडला होता, वितराले लागला होता, तुम्ही पाह्यलं नाही का? हे खाली पाहात म्हनले, नाही दिसला. मी म्हनली, कसा नाही दिसला, आंधरे आहा का? बोलली अन मंग मलेच समजलं मी काय बोलली. यांनी प्लग खाली ठेवला. अन मंग म्हनले, कुसुम, मले चिनगी तेवढी दिसते. बाकी सगरं धुकं आहे.

काय सांगू तुम्हाले. किती महिन्यापासून तसं होतं त्याइलेच माहीत. मले सांगतलं नाही. सांगतलं तं मी दुकान बंद करन, घरी बसवन, म्हनून. रस्त्यावरून चालत तं आवाजावर चालत, गिऱ्हाईकाले आवाजावर ओरखत, अन बॅटरीजवर तेवढे वाकत, चिनगीसाठी. दिवसभरात ती एकच गोष्ट त्याइले साफ दिसे. म्हनले, तू तो बल्ब आनला ना, त्याचा इतकासाक लाल मले दिसलाच नाही. मले वाटलं हिनं माही चिनगीही नेली, आता मी अठी बसून करू काय.

मले राग आला होता, भल्ला राग, परसरामच्या बायकोचं मनगट माह्या डोऱ्यापुढं होतं. पन तो राग कठी गेला मले नाही समजलं. इतके दिवस मी त्या चिनगीच्या नावानं खडे फोडून राहली होती, अन या मानसाजवर पाहाले दुसरं काही राहलंच नोहोतं. मी रडली. हे म्हनले, तू काहून रडतं, डोरा माहा आहे. मी म्हनली, तुमचा कठी आहे, माहा आहे तो.

भंडाऱ्याले डॉक्टर म्हनला मोतीबिंदू आहे, पार पिकून गेला, ऑपरेशन करा. लोक मोतीबिंदूचं ऑपरेशन करून सांजच्याले घरी जेवाले येतेत, पन त्याइले दुसरा डोरा राह्यते ना वो. याइचा एकच. बिघडलं तं काहीच नाही. हे म्हनत, राहू दे, धुकं तं धुकं, निदान चिनगी दिसते. मी म्हनली, मी आता ऐकत नाही. आयुष्यभर ऐकलं. दुकानाले कुलूप लावलं अन नेलं. ऑपरेशनच्या आधी बाकड्यावर बसलो होतो दोघं, तं यांनी माहा हात धरला, लोकाइसमोर, आमच्यात नाही चालत असं, अन म्हनले, पट्टी काहाडल्यावर अंधारच निंघाला तं? मी म्हनली, तं मी पाहात जाईन अन तुम्ही सांगत जा. म्हनले, तुले काय येते पाहाले. मी म्हनली, बल्ब तं येते ना.

पट्टी निंघाली. डॉक्टरनं बोटं दाखवली, यांनी मोजली. मंग माह्याकडं पाह्यलं, भल्ला वेर पाह्यलं, मले वाटलं आता काही चांगलं बोलतीन, तं म्हनले, हे लुगडं हिरवं आहे काय? मी समजत होतो मातकट आहे. नर्स हासली. मीही हासली, अन हासता हासता मले तठीच खाली बसा लागलं. डॉक्टर म्हनला बाबा, एकच आहे, जपा, आता जवरून चिनग्या-बिनग्या बंद. मी म्हनली, ऐकलं ना? दुकानात बसाचं असन तं बिनचिनगीचं, नाही तं घरी ओसरीत बसा. हे नुसतं हं म्हनले. यांचा हं म्हंजे काय, ते मले आजपर्यंत नाही समजलं.

मंग पुन्हा दुकान उघडलं. आता लोकाइनंही परसरामचं ऐकलं होतं, तं बल्बवाला प्लग मांगून नेत. परसरामनंही नेला, अन त्याची बायको अठी आली का मले म्हनते, वैनी, बल्ब पाह्यल्याशिवाय मी गाडीवर बसतच नाही. तिचं मनगट थंडीत अजून दुखते. हे मान खाली घालतेत, पन ती आली का खुर्ची सरकवून देतेत.

पन माहा जीव खाली-वर होतच राहला. कारन डोऱ्यानं मानलं तरी हात मानते काय? आयुष्यभराचा हात आहे तो. मी आत कामाले गेली का कान बाहेर ठेवो. आता चट्ट होईन, आता चट्ट होईन.

अन हे आताचंच सांगतो, धान कापनीच्या दिवसातलं. एक मोहाडीकडचा बुढा ट्रॅक्टरची तेजाबाची बॅटरी घेऊन आला, जुना गिऱ्हाईक, तुमसरपासूनचा. मी आत प्लग डागून राहली होती, कैय्या गरम, हात सोडता येत नोहोता. बुढा म्हनला, मास्तर, घरीच चार्ज केली, आताच काहाडून आनली, एक चटका मारून पाहा बरं, पाहू कशी बोलते. ताजी चार्ज केलेली, तेजाबाची, तीच, तशीच. दारातून मले यांची पाठ दिसे. यांनी हात लांब केला, ते जाड वायर खुटीवर टांगून राह्यते अजून, ते घेतली. एक टोक टर्मिनलले धरलं. मी ओरडाले उठली, पन ओरडाच्या आधीच कैय्या कलला, डाग सगरा खाली सांडला माह्या पायावर, ते पाहा, अजून खूण आहे.

अन हे थांबले. वायरीचं दुसरं टोक हवेत. थांबले अन तसेच उभे राहले. मंग वायर खुटीवर टांगली, अन मले म्हनले, कुसुम, ट्रकच्या हेडलाइटचा तो जुना बल्ब आन, वायरीवाला. मी आनला, पाय जरत होता तरी धावत आनला. यांनी बॅटरी उघड्यावर नेली, झाकनं सैल केली, जरा वेर हवा खाऊ देल्ली. मंग लांब वायरीनं, दूर उभं राहून बल्ब लावला. बल्ब पेटला अन पेटलाच राह्यला, मंदावला नाही, अठी तेच पाहिजे, म्हंजे बॅटरीत दम आहे. हे त्याच्याकडं पाहात उभे. म्हनले, चांगली आहे, घेऊन जा.

बुढ्याचं समाधान नाही झालं. म्हनला, अन मास्तर, चटका? हे म्हनले, चटका कायले पाहिजे बापा. आता दिसते मले.

बुढा बॅटरी घेऊन गेला. यांनी माह्या पायाकडं पाह्यलं, म्हनले, भाजली काय वो? अन माठातलं पानी आनून टाकलं. मी पाय पुढं केला.

असं आहे ताई. आता माहे गुडघे दुखतेत, शटर वर कराले मले जमत नाही, हे करतेत. दुकान राह्यते का नाही मले माहीत नाही, पुढं म्हनतेत सगऱ्या गाड्याइत तयारच तसा प्लग येईन, मंग आमच्या बल्बाले कोन विचारते. नोको विचारू. सकारी आलो का हे आधी झिरोच्या बल्बावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसतेत, डोऱ्यापासून दूर धरून पाहतेत, अन मंग मले चहा मांड म्हनतेत. देवाजवर मी दुसरा बल्ब आनून लावला. तुम्हीही बॅटरीच्याच गाडीवर आल्या ना? चाबी बंद करा अन जरा दाखवा तुमचा प्लग. यांले दाखवा, हे पाहतीन.